यादीतली स्थळे आणि यादीबाहेरची पांढरी : भीमा-सीनेच्या दुआबातून पुरातत्त्व खात्याचा इतिहास

सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, एका बाजूने भीमा आणि दुसऱ्या बाजूने सीना अशा दोन नद्यांनी वेढलेला जो काळ्या मातीचा पट्टा आहे, त्यात दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप हे मोठे गाव वसलेले आहे. दोन नद्यांमधील अशा प्रदेशाला भूगोलात दुआब म्हणतात. हा दुआब दक्षिणेकडे निमुळता होत जातो आणि हत्तरसंग कुडल येथे, जिथे सीना भीमेला मिळते, तिथे संपतो. पलीकडच्या तीरापासून कर्नाटक सुरू होत असल्यामुळे या भागातील घराघरांत मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा नांदतात, आणि जुन्या देवळांच्या तुळयांवर, खांबांवर व शिळांवर कोरलेल्या लेखांतही त्या दोन्ही आढळतात. कल्याणीचे चालुक्य, त्यांच्यानंतर कलचुरी व यादव, पुढे बहमनी सुलतान आणि विजापूरची आदिलशाही अशा अनेक सत्ता या प्रदेशावरून गेल्या. त्यांपैकी कोणाचीही राजधानी मंद्रूपच्या रानात नव्हती. येथील वारसा राजवाड्यांचा नाही. तो गावदेवळांचा, वीरगळांचा, बारवांचा आणि उजाड झालेल्या वस्त्यांच्या टेकाडांचा आहे. ऐतिहासिक स्थळे राखण्यासाठी स्थापन झालेल्या सरकारी खात्याचा इतिहास सामान्यतः ताजमहाल, अजिंठा किंवा मोहेंजोदडो यांच्या आधाराने सांगितला जातो. तोच इतिहास मंद्रूपसारख्या ठिकाणाहून पाहिला, तर त्या खात्याच्या प्रमुखासमोरचा सर्वांत अवघड प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो : अपुरा पैसा आणि अपुरी माणसे हाताशी असताना कोणती स्थळे राखायची, आणि उरलेली कोणाच्या भरवशावर सोडायची.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण या खात्याची सुरुवात 1861 साली अलेक्झांडर कनिंगहॅम या लष्करी अभियंत्याच्या नेमणुकीने झाली. काही वर्षांतच ते काम बंद पडले आणि 1871 मध्ये कनिंगहॅमलाच महासंचालक करून पुन्हा सुरू झाले. त्याचे लक्ष मुख्यतः उत्तर भारतावर होते. पश्चिम भारतासाठी 1874 मध्ये जेम्स बर्जेस याच्याकडे स्वतंत्र सर्वेक्षण सोपवण्यात आले, आणि त्याच्या पहिल्याच हंगामाचे काम बेळगाव व कलादगी या जिल्ह्यांत, म्हणजे बदामी, ऐहोळे, पट्टदकल या परिसरात झाले. कलादगी जिल्हाच पुढे विजापूर जिल्हा झाला. बर्जेसनंतर पश्चिम विभागाचे काम हेन्री कझेन्स याने दीर्घकाळ सांभाळले. त्याने 1897 मध्ये मुंबई इलाख्यातील प्राचीन अवशेषांच्या सुधारित याद्या जिल्हावार प्रसिद्ध केल्या. या याद्यांमधील वर्गवारी मुळातून समजून घेण्याजोगी आहे, कारण खाते स्थळांकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते ते तिच्यात उघड होते. पहिल्या वर्गात ती स्मारके येत, जी कायमची सुस्थितीत ठेवायची होती. दुसऱ्या वर्गात ती येत, ज्यांच्यावरची झाडेझुडपे काढणे, पाणी मुरू न देणे एवढ्या किरकोळ उपायांनी भागवायचे होते. तिसऱ्या वर्गात ती येत, जी फार मोडकळीस आली असल्यामुळे किंवा फारशी महत्त्वाची न वाटल्यामुळे राखणे शक्य अथवा आवश्यक नाही असे ठरले होते. स्मारक सरकारच्या ताब्यात आहे की खासगी मालकीचे, यावरून पहिल्या दोन वर्गांचे आणखी पोटभाग पडत. एखाद्या देवळापुढे तिसरा वर्ग लिहिला गेला, की त्याच्या वाट्याला सरकारी पैसा येण्याची शक्यता जवळजवळ संपत असे, आणि हा निर्णय पुष्कळदा एका पाहणीत, क्वचित नुसत्या महसुली अधिकाऱ्याच्या अहवालावरून होत असे. कझेन्सच्या परिश्रमांबद्दल आदर बाळगूनही ही गोष्ट स्पष्टपणे नोंदवायला हवी, कारण पुढच्या शंभर वर्षांत गावोगावच्या अवशेषांचे जे झाले त्याचे मूळ बऱ्याच अंशी या वर्गवारीत आहे.

बर्जेस 1889 मध्ये निवृत्त झाल्यावर महासंचालकाचे पदच रद्द करण्यात आले होते. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होऊन आल्यानंतर ते 1902 मध्ये पुन्हा निर्माण झाले आणि त्यावर पंचविशीतल्या जॉन मार्शल याची नेमणूक झाली. कर्झनच्या आस्थेची जी ठळक उदाहरणे सांगितली जातात, त्यांपैकी एक मंद्रूपपासून फार लांब नसलेल्या विजापूरचे आहे. जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून विजापूरला हलल्यानंतर तेथील मशिदी आणि महाल सरकारी कचेऱ्या व निवासस्थाने म्हणून वापरले जात होते, आणि ते मोकळे करण्याचा आग्रह कर्झनने धरला. गोलघुमटाच्या नगारखान्यात वस्तुसंग्रहालय उभे राहिले, कझेन्सने विजापूरच्या वास्तूंवर 1916 मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आदिलशाहीची राजधानी खात्याच्या कायम देखरेखीखाली आली. सोलापूर जिल्ह्यात मात्र चित्र वेगळे राहिले. सोलापूरचा भुईकोट किल्ला संरक्षित झाला. माळशिरस तालुक्यातील वेळापूरचे यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचे देऊळ कझेन्सच्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात आले. दुआबातील खेड्यांचा त्या काळच्या खात्याच्या कामात फारसा मागमूस लागत नाही.

कर्झनच्या कारकिर्दीतच 1904 चा प्राचीन स्मारक जतन कायदा झाला. या कायद्याने सरकारला एखादी वास्तू संरक्षित म्हणून जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. खासगी मालकाशी करार करून त्याच्या वास्तूची देखभाल करण्याची सोय झाली, आणि संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठरली. पूजाअर्चा चालू असलेल्या स्थळांबाबत कायद्याने विशेष काळजी घेतली होती : अशा जागेचा उपयोग तिच्या पावित्र्याशी विसंगत अशा कामासाठी होऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मार्शलने 1923 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जतनविषयक नियमपुस्तिकेने याच्या पुढचे पाऊल टाकले. जुन्या बांधकामाचे जेवढे मूळ रूप टिकले आहे तेवढे राखावे, पडलेला भाग अंदाजाने नव्याने उभारू नये, हे तिचे मुख्य सूत्र होते. दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरल्याने आतले पाणी बाहेर पडत नाही आणि दगड फुगून सुटतो, उलट घाणीत मळलेला चुना पाण्याला वाट देतो, हा अनुभव असलेल्या गवंड्यांना या सूत्राचा अर्थ सांगावा लागत नाही. आज गावोगावच्या जीर्णोद्धारांत सिमेंटचा गिलावा, रंगीत फरशी आणि तैलरंग यांचा जो वापर होतो, तो पाहिल्यावर शंभर वर्षांपूर्वीचे ते सूत्र अजूनही गावांपर्यंत पोहोचलेले नाही असे खेदाने म्हणावे लागते.

पश्चिम विभागाचे मुख्य ठाणे पुण्यात होते आणि सिंध प्रांत त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असल्यामुळे सोलापूरच्या किल्ल्यावर ज्या अधिकाऱ्याची देखरेख असे, त्याच्याच अखत्यारीत सिंधू नदीकाठचे अवशेषही येत. या विस्ताराचा परिणाम काय होई, हे देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांच्या उदाहरणावरून दिसते. भांडारकर हे अत्यंत तयारीचे विद्वान होते. परंतु 1911-12 मध्ये मोहेंजोदडोची पाहणी केल्यावर तेथील विटा आधुनिक धाटणीच्या आहेत असे मानून त्यांनी ते अवशेष सुमारे दोनशे वर्षांचे ठरवले. त्यांच्यानंतर पश्चिम विभागाचे प्रमुख झालेले राखालदास बॅनर्जी यांनी काही वर्षांनी त्याच जागी उत्खनन केले आणि सिंधू संस्कृतीचे एक मोठे नगर जगासमोर आले. भांडारकरांच्या विद्वत्तेला यामुळे बाधा येत नाही. एका माणसाने सिंधपासून कर्नाटकापर्यंतची स्थळे पाहायची, तर प्रत्येक जागेला मिळणारा वेळ किती थोडा असणार, आणि त्या थोड्या वेळात केलेली नोंद पुढे किती वर्षे प्रमाण मानली जाणार, हे मात्र यातून कळते.

याच काळात सोलापूर जिल्ह्यातील एक माणूस खात्यात वर चढत होता. काशिनाथ नारायण दीक्षित यांचा जन्म 1889 मध्ये पंढरपूर येथे झाला. मोहेंजोदडोच्या नकाशावर उत्खननाचे जे वेगवेगळे भाग आहेत, त्यांना त्या त्या अधिकाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे देण्यात आली, आणि तेथील ‘डीके’ हा भाग दीक्षितांच्या नावावरून ओळखला जातो. त्यांनी 1924-25 च्या हंगामात तेथे काम सुरू केले आणि पुढच्याच हंगामात त्यांच्या हाताखालील उत्खननात साबणशिळेची, म्हणजे कोरायला मऊ अशा दगडाची, ती सुप्रसिद्ध छोटी मूर्ती मिळाली, जिला पुरोहित-राजा असे नाव पडले आहे. साडेसतरा सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती आज कराचीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या डाव्या खांद्यावरून घेतलेल्या वस्त्रावर तीन पाकळ्यांची नक्षी आहे, कपाळावर पट्टी बांधलेली आहे आणि डोळे अर्धवट मिटलेले आहेत. शालेय पाठ्यपुस्तकांतून प्रत्येक पिढीने हे चित्र पाहिलेले आहे, पण ती मूर्ती शोधणारा माणूस पंढरपूरचा होता ही गोष्ट खुद्द सोलापूर जिल्ह्यातही फार थोड्यांना ठाऊक असते.

दीक्षितांचे सर्वांत मोठे क्षेत्रकार्य मात्र बंगालमधील पहाडपूरचे. पाल राजा धर्मपाल याच्या काळातील सोमपूर महाविहार, म्हणजे भिक्षूंच्या निवासाचा आणि अध्ययनाचा प्रचंड मठ, तेथे मातीखाली गाडला गेला होता. चारी बाजूंनी 177 कोठड्या आणि मधोमध क्रूसाच्या आकाराचे चढत्या टप्प्यांचे मंदिर अशी त्याची रचना आहे. तेथील उत्खनन 1923 मध्ये सुरू झाले आणि 1926-27 पासून त्यातील मोठा वाटा दीक्षितांनी उचलला. मंदिराच्या भिंतींवर भाजलेल्या मातीच्या फलकांच्या रांगा मिळाल्या, ज्यांत देवादिकांबरोबर नांगरकरी, वाद्य वाजवणारे, साप, हरणे, मासे अशी अवघी लोकवस्ती उतरलेली आहे. याच जागी एक ताम्रपट सापडला, तो गुप्त संवत 159 चा, म्हणजे इसवी सन 479 चा. त्याचे वाचन दीक्षितांनीच प्रसिद्ध केले. नाथशर्मा नावाच्या ब्राह्मणाने आणि त्याची पत्नी रामी हिने जमीन विकत घेऊन एका जैन विहारातील अर्हतांच्या पूजेसाठी दान दिली, असा त्यातला मजकूर आहे. बौद्ध मठाच्या मातीत ब्राह्मण दांपत्याने जैन विहाराला दिलेल्या दानाचा पुरावा मिळावा, यात त्या जागेचा सारा पूर्वेतिहास सामावलेला आहे, आणि तांब्याचा एवढासा पत्रा वितळवला गेला असता तर तो कायमचा नाहीसा झाला असता. पहाडपूरवरील दीक्षितांचा अहवाल 1938 मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत ते खात्याचे प्रमुख झालेले होते.

दीक्षित 1937 ते 1944 या काळात महासंचालक होते. त्यांच्यापूर्वी या पदावर आलेले एकमेव भारतीय म्हणजे दयाराम सहानी. पद मिळाले तो काळ अनुकूल नव्हता. 1930 नंतरच्या जागतिक मंदीत सरकारने केलेल्या खर्चकपातीचा मोठा फटका खात्याला बसला होता, उत्खननासाठी जवळजवळ पैसा उरला नव्हता, आणि 1932 च्या कायदादुरुस्तीने बाहेरच्या संस्थांना उत्खननाची वाट मोकळी केली होती. त्यातच सरकारने 1938 मध्ये मेसोपोटेमियातील ऊर या नगराचे उत्खनन करणारे सर लेनर्ड वुली यांना खात्याच्या कामाचे परीक्षण करण्यासाठी बोलावले. काही महिन्यांचा दौरा करून त्यांनी 1939 मध्ये जो अहवाल दिला, त्यात उत्खननाच्या पद्धतीवर, अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावर आणि संग्रहालयांच्या अवस्थेवर कठोर टीका होती. त्या टीकेतला बराच भाग खरा होता. थरांचा, म्हणजे मातीच्या एकावर एक बसलेल्या पायऱ्यांतून काळाचा क्रम लावण्याचा, अभ्यास खात्यात पुरेसा रुजलेला नव्हता. तथापि वुलींनी काही महिन्यांत पाहिलेल्या उणिवांमागे दहा वर्षांची उपासमार होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय दीक्षितांच्या कारकिर्दीचे न्याय्य मोजमाप होत नाही. दुसरे महायुद्ध सुरू झालेले असतानाही त्यांनी 1940 ते 1944 या वर्षांत बरेली जिल्ह्यातील अहिच्छत्र या प्राचीन नगरीचे उत्खनन चालवले, आणि तेथील खापरांच्या क्रमवार अभ्यासाने गंगेच्या खोऱ्यातील पुढच्या संशोधनाला पाया मिळाला. या उत्खननाचे श्रेय अनेकदा त्यांच्यानंतर आलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांच्या झगमगाटात हरवते. व्हीलर यांनी 1944 ते 1948 या चार वर्षांत तक्षशिलेच्या प्रशिक्षण वर्गातून नवी पिढी घडवली आणि खात्याला शिस्त लावली, याबद्दल दुमत नाही. मात्र मंदी आणि युद्ध यांच्या कात्रीत सापडलेले खाते मोडू न देता पुढच्याच्या हाती सोपवणे हेही नेतृत्वच असते, आणि इतिहासलेखनात अशा नेतृत्वाची बूज क्वचितच राखली जाते.

दीक्षितांचे 1946 मध्ये निधन झाले. दुसऱ्याच वर्षी फाळणी झाली आणि त्यांच्या आयुष्यातील दोन्ही मोठी क्षेत्रे, मोहेंजोदडो आणि पहाडपूर, नव्या सीमेपलीकडे गेली. पहाडपूर आज बांगलादेशात असून 1985 पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने वारशाची जबाबदारी वाटून दिली. संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली स्मारके केंद्राकडे, इतर स्मारके राज्यांकडे, आणि राष्ट्रीय महत्त्वाची न ठरलेली पुरातत्त्वीय स्थळे केंद्र व राज्य या दोघांच्या सामाईक सूचीत, अशी ती विभागणी आहे. केंद्राचा 1958 चा कायदा आणि महाराष्ट्राचा 1960 चा कायदा हे तिचे प्रत्यक्ष रूप होय. केंद्रीय यादीत आज देशभरातील साडेतीन हजारांहून अधिक स्मारके आहेत. त्याखेरीज महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची स्वतःची यादी आहे. एखादे स्थळ केंद्रीय यादीत आणायचे, तर आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत असते, आणि त्यानंतर अंतिम अधिसूचना होते. या पद्धतीत चूक काही नाही. परंतु प्राथमिक अधिसूचना निघण्यासाठी कोणीतरी त्या जागेचे महत्त्व आधी ओळखलेले असावे लागते, आणि ते ओळखणारा अधिकारी मंद्रूपच्या शिवारात येईलच याची काही शाश्वती नसते.

1972 ते 1978 या काळात महासंचालकपद मधुसूदन नरहर देशपांडे या दुसऱ्या मराठी पुरातत्त्वज्ञाकडे होते. खानदेशातील बहाळ आणि प्रवरेकाठचे दायमाबाद येथे त्यांनी उत्खनन केले होते, आणि पुढे कोकणातील पन्हाळेकाजीच्या लेण्यांवर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुरावस्तू व कलानिधी कायदा 1972 मध्ये संमत झाला, तो त्यांच्याच कारकिर्दीत 1976 च्या एप्रिलमध्ये अमलात आला. देवळांतून मूर्ती चोरून परदेशी विकण्याच्या वाढत्या व्यापाराला आळा घालणे हा त्याचा हेतू होता. खासगी मालकीच्या पुरावस्तूंची नोंदणी त्यामुळे सुरू झाली आणि त्यांची निर्यात सरकारच्या हाती आली. गावच्या उघड्या देवळातील मूर्तीला मात्र नोंदणीचा कागद असल्याखेरीज हा कायदा फारसा उपयोगी पडत नाही, कारण चोरी झाल्यावर मूर्ती अमुकच होती हे सिद्ध करण्यासाठी तिचे जुने छायाचित्र आणि मोजमाप लागते.

या साऱ्या व्यवस्थेची मर्यादा आणि तिच्याबाहेर उभ्या राहिलेल्या कामाचे मोल हत्तरसंग कुडलमध्ये एकत्र पाहायला मिळते. संगमावरील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर, म्हणजे दोन खांबांवर आडव्या टाकलेल्या दगडी वाशावर, शके 940 चा, अर्थात इसवी सन 1018 चा एक लेख आहे. कल्याणीचा चालुक्य राजा दुसरा जयसिंह याच्या राज्याचा तो काळ. या लेखाच्या अखेरीस मराठी ओळ आहे, आणि हा लेख जो वाचील तो विजयी होईल, असा तिचा आशय आहे. रायगड जिल्ह्यातील आक्षी येथील शिलालेखाच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तर श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध मराठी ओळींत शकाचा आकडा नाही. या पार्श्वभूमीवर स्पष्ट शकासह आलेला कुडलचा लेख मराठीच्या आद्य पुराव्यांत फार वरच्या स्थानी जातो. तो प्रकाशात आणला सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. कुंभार हे कोणत्याही पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हते. त्यांनी जिल्ह्यातील गावे पायाखाली घालून शिलालेख शोधले, आणि धारवाडच्या श्रीनिवास रित्ती यांच्याबरोबर त्यांनी सिद्ध केलेला सोलापूर जिल्ह्यातील शिलालेखांचा संग्रह 1988 मध्ये कर्नाटक विद्यापीठाने प्रसिद्ध केला. मराठी मुलखातील लेखांचा हा संग्रह कानडी विद्वानाच्या सहकार्याने सिद्ध व्हावा, हे या दोन भाषांच्या प्रदेशाला साजेसेच आहे.

शिलालेख वाचण्याआधी त्याचा ठसा घ्यावा लागतो, आणि ते काम कष्टाचे असते. देवळातील लेखांवर बहुधा तेलाची, शेंदराची किंवा चुन्याची पुटे चढलेली असतात. ती दगडाला ओरखडा न पडू देता हळूहळू काढावी लागतात. मग स्वच्छ दगडावर ओला कागद चिकटवून ताठ केसांच्या कुंचल्याने सर्वत्र सारखा ठोकायचा, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत उतरतो. तो किंचित सुकल्यावर शाईत भिजवलेला कापडी बोळा वरून हलकेच टिपायचा. उंच भाग काळा होतो, खाचेतला कागद पांढरा राहतो, आणि काळ्यावर पांढरी अशी अक्षरे उमटतात. कागद जास्त ओला असला तर फाटतो, कमी ओला असला तर खाचेत उतरत नाही. डोक्यावरच्या तुळईवरचा ठसा घ्यायचा म्हणजे हे सारे मान वर करून, हात उंचावून, देवळाच्या अंधारात करावे लागते. सरकारी पगार, वाहन किंवा मदतनीस नसताना असे शेकडो लेख गोळा करणाऱ्या माणसाने जे दिले, ते कोणत्याही अधिसूचनेने मिळाले नसते.

कुडलचेच दुसरे मंदिर, हरिहरेश्वराचे, विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतांशी मातीखाली होते. सोलापूरच्या अभ्यासकांच्या पुढाकाराने ती माती हलवली गेली, आणि साडेतीनशेच्या आसपास मुखे कोरलेले एक बहुमुखी शिवलिंग तेथे उजेडात आले. एवढी वैशिष्ट्यपूर्ण वास्तू कित्येक पिढ्या डोळ्यांआड राहिली, ही गोष्ट या दुआबातील इतर टेकाडांबद्दल गंभीरपणे विचार करायला लावणारी आहे.

या टेकाडांना गावच्या भाषेत पांढरी म्हणतात. शतकानुशतकांच्या वस्तीतील राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती यांनी तिथली जमीन भोवतालच्या काळ्या रानापेक्षा फिकट होते, म्हणून हे नाव. पुरातत्त्वाच्या दृष्टीने पांढरी हे सर्वांत मोलाचे दफ्तर असते, कारण खापरे, मणी, नाणी, चुली आणि घरांच्या जमिनी तिच्यात काळाच्या क्रमाने साठलेल्या असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ती सकस माती आहे. सोलापूरकडे धाब्याच्या घरांच्या छपरांवर पसरण्यासाठी पांढरीची माती वापरण्याची जुनी रीत आहे, आणि खत म्हणूनही ती शेतात टाकली जाते. फावड्याने आणि बैलगाडीने होणारी ही उचल मर्यादित होती. मातीकामाची यंत्रे आल्यापासून अख्खे टेकाड काही दिवसांत सपाट होऊ शकते. भीमेवरील उजनी धरणानंतर नदीकाठी ऊस वाढला आणि रान सपाट करून घेण्याची निकडही वाढली. यात शेतकऱ्याला दोष देण्याजोगे काही नाही, कारण त्याच्या शिवारातील पांढरीचे मोल त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

कायदा येथे दोन प्रकारे तोकडा पडतो. केंद्राच्या 1958 च्या कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण असे पट्टे आखले, शिक्षाही दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी वाढवली. परंतु हे सारे यादीतल्या स्मारकांपुरते आहे. यादीबाहेरच्या जमिनीत नांगराला काही लागले तर 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो. त्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. सोन्याच्या नाण्यांचा हंडा सापडला तर ही वर्दी तलाठ्यामार्फत तहसील कचेरीपर्यंत पोहोचते. खापरांच्या थराची, जळक्या धान्याची किंवा मोडक्या वीरगळाची वर्दी देण्याचे कोणाच्या मनात येत नाही, कारण कायद्याची भाषाच निधीची आहे, पुराव्याची नाही. यादीतल्या स्मारकांचीही स्थिती निर्धास्त राहावी अशी नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2013 मध्ये दिलेल्या अहवालात, प्रत्यक्ष पाहणी केलेल्या 1,655 केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी 92 जागेवर आढळली नाहीत, असे नमूद आहे. ज्या स्मारकांना फलक, अधिसूचना आणि कागदावर का होईना राखणदार आहे, त्यांची ही अवस्था असेल, तर ज्यांची नोंदच नाही त्यांच्यातली किती गेली हे मोजण्याचे साधनही उपलब्ध नाही.

म्हणून वारसा राखणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने आज प्रथम हाती घ्यावे असे काम म्हणजे कझेन्सच्या याद्या गावपातळीवर पुन्हा करणे, आणि त्या करताना त्यांतील तिसरा वर्ग कायमचा काढून टाकणे. मंद्रूप येथे अप्पर तहसील कचेरी आहे, सोलापुरात विद्यापीठ आहे, आणि कुंभारांच्या वाटेने जाणारे हौशी अभ्यासक आजही जिल्ह्यात आहेत. प्रत्येक गावाच्या शिवारातील पांढरी, बारव, वीरगळ, सतीशिळा आणि लेख यांचे स्थान, मोजमाप व छायाचित्र महसुली नकाशाला जोडून ठेवले, तर यंत्र लावण्यापूर्वी निदान एकदा कोणीतरी त्या जागेकडे पाहील. अशा कामाला मोठ्या उत्खननाएवढा पैसा लागत नाही. त्यासाठी लागतात ती गावात राहणारी, कानडी आणि मराठी दोन्ही जाणणारी, ठसा घ्यायला शिकलेली माणसे, आणि त्यांनी पाठवलेला कागद पुण्या-मुंबईच्या किंवा दिल्लीच्या कचेरीत कोणी तरी वाचून त्यांना उत्तर धाडील, अशी व्यवस्था.